नगरांचा माळी : सर पॅट्रिक गेडीस

शहरांत झाड लावणें सोपें. तें जगविणें कठीण. खड्डा एकटा मनुष्यही खणूं शकतो. परंतु वैशाखांतील पाणी, गुरांपासून राखण व मोडलेल्या फांदीची काळजी हीं कामें सगळ्या आळीनें मनावर घेतल्यावांचून होत नाहींत. हें सत्य ज्यांनीं आचरून दाखविलें, त्या सर पॅट्रिक गेडीस यांचें चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

गेडीस यांचा जन्म ता. २ ऑक्टोबर १८५४ रोजीं स्कॉटलंडांतील बॅलटर या गांवीं झाला. पर्थ येथील घराच्या बागेंत वडिलांच्या सहवासांत त्यांस झाडांची गोडी लागली. पुढें लंडन येथें हक्स्ले या प्रख्यात शास्त्रज्ञांजवळ त्यांनीं जीवशास्त्राचें अध्ययन केलें. १८७९ सालीं मेक्सिकोंत असतां त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. ती परत आली, तरी सूक्ष्मदर्शक यंत्रावरील काम पूर्वीसारखें करणें त्यांस शक्य राहिलें नाहीं. पुढें रोपांचा हा अभ्यासक मनुष्यांच्या वस्तीचाही अभ्यासक झाला.

१८८६ सालीं त्यांचा ॲना मॉर्टन यांच्याशीं विवाह झाला. सुखवस्तु भागांत घर करणें त्यांस शक्य होतें; परंतु हें दांपत्य एडिंबरो शहराच्या जुन्या, गलिच्छ वस्तींत मुद्दाम राहावयास गेलें. तेथें त्यांनीं उपदेश केला नाहीं. स्वतः झाडू हातीं घेतला. शेजारीही पुढें आले, भिंतींस सफेती झाली, खिडक्यांत फुलें दिसूं लागलीं. पुढें त्यांच्या मंडळानें त्या भागांतील पडीक जागांची मोजदाद केली. सुमारें ७५ जागा मिळून १० एकर भूमि उकिरडा होऊन पडली होती! त्यांपैकीं कांहीं जागीं त्यांची कन्या नोरा यांच्या देखरेखीखालीं बागा उभ्या राहिल्या व गल्लींतील मुलांस हिरवें अंगण मिळालें.

१९१४ सालीं ते हिंदुस्थानास आले. त्यांचें नगररचनेचें प्रदर्शन घेऊन येणारें जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेनें बुडविलें. तरी नवें साहित्य जमवून १९१५ सालीं मद्रासेस प्रदर्शन भरलेंच. नंतर अनेक शहरें पायीं हिंडून त्यांनीं अहवाल लिहिले. रुंद सरळ रस्त्यासाठीं गरिबांचीं घरें पाडणें त्यांस मान्य नव्हतें. पडकीं तेवढीं घरें काढावींत, मोकळी जागा झाडांस व मुलांस द्यावी, जुन्या विहिरी व तलाव राखावेत, हा त्यांचा आग्रह असे. अंगणांतील तुळशींत त्यांस नीटनेटक्या हिंदु घराचें प्रतीक दिसे.

१९१७ हें साल त्यांच्या कसोटीचें ठरलें. ज्येष्ठ पुत्र ॲलॅस्डेर फ्रान्सच्या रणांगणावर पडला. ॲनाबाई त्या वेळीं आजारानें अंथरुणावर होत्या. ही वार्ता गेडीस यांनीं त्यांस कळूं दिली नाहीं. दुःख पोटांत ठेवून ते त्यांची शुश्रूषा करीत राहिले. थोड्याच दिवसांत ॲनाबाईही निवर्तल्या. अशा दुहेरी आघातानंतरही त्यांनीं इंदूर संस्थानचें काम सोडलें नाहीं. शहरांत प्लेगची भीति होती. दिवाळीची मिरवणूक ज्या आळ्या अधिक स्वच्छ त्यांतूनच जाईल, असें जाहीर होतांच घरोघर केरकचरा निघाला. घाणीच्या राक्षसाची व प्लेगच्या उंदराची प्रतिमा मिरवून शेवटीं जाळण्यांत आली. हुकुमानें न होणारें काम उत्साहानें झालें!

१९१९ पासून कांहीं वर्षें ते मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्राचे अध्यापक होते. ता. १७ एप्रिल १९३२ रोजीं फ्रान्समधील माँपेल्ये येथें त्यांचें देहावसान झालें. त्याच वर्षीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली होती.

गेडीस यांच्यापाशीं अधिकार थोडा होता, धनही थोडें होतें. शेजाऱ्यास बरोबर घेण्याची हातोटी मात्र विपुल होती. आपल्या आळींतील एका रोपट्यास उन्हाळाभर पाणी घालण्याचें व्रत आमच्या वाचकांपैकीं दहा जणांनीं जरी घेतलें, तरी हें चरित्र लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.