गाडी थांबली, इंजिन चालूच!

बोरघाटातल्या अपघातांचे रुग्ण रात्री-अपरात्री आमच्या सरकारी रुग्णालयात येतात. त्यांना घेऊन येणारी खालापूर, कर्जतकडची मुलं कधी सांगतात, की गाडी पार चेपली होती, पण इंजिन घुरघुरतच होतं. माझा पहिला प्रश्न असतो, चावी कोणी फिरवली का?

इंजिनाला अपघात कळत नाही. इंधन आणि हवा मिळते तोवर ते चालतं. विमानाच्या जेट इंजिनाला तर एकदा पेटल्यावर ठिणगीही लागत नाही. 4 नोव्हेंबर 2010 रोजी क्वांटासच्या ए-380 विमानाचं एक इंजिन हवेत फुटलं. विमान सिंगापूरला सुखरूप उतरलं, पण तारा तुटल्यामुळे दुसरं एक इंजिन बंदच होईना. अग्निशामक दलाला त्यासाठी सुमारे तीन तास झुंजावं लागलं. पंखातून इंधन गळत होतं, तरी सुदैवाने भडका उडाला नाही.

भडका उडाला तर माणसाचं काय होतं, हे सर आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी जवळून पाहिलं. न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे 1900 साली जन्मलेले हे शल्यविशारद 1930 मध्ये लंडनला आले आणि चुलतभाऊ हॅरॉल्ड गिलिस यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकले. दुसऱ्या महायुद्धात ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात त्यांच्यापुढे जळालेले तरुण वैमानिक येऊ लागले. हरिकेन विमानात इंजिन आणि वैमानिक यांच्यामध्ये पेट्रोलची एक टाकी असे. ती पेटली की चेहरा आणि हात काही क्षणांत भाजत.

समुद्रात पडलेल्यांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात, हे मॅकिंडोंनी हेरलं. कातडी ताठरवणारं टॅनिक आम्ल त्यांनी बंद केलं आणि कोमट मिठाच्या पाण्याची स्नानं सुरू केली. मग अनेक शस्त्रक्रिया करून पापण्या, नाकं, बोटं घडवली. या विद्येचं एक मूळ आपल्या घाटमाथ्यावर आहे. पुण्याकडे कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून नव्याने घडवल्याची हकिगत 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली होती.

मॅकिंडो चेहऱ्यापाशी थांबले नाहीत. रुग्णांना त्यांनी गणवेशात गावात पाठवलं आणि गावकऱ्यांना टक लावून न पाहण्याची सवय लावली. 1941 मध्ये रुग्णांनी स्थापन केलेल्या ‘गिनीपिग क्लब’चे युद्धाअखेर 649 सभासद होते. 1960 मध्ये मॅकिंडो गेले, पण क्लब पुढे कित्येक वर्षं चालला.

आपण काय करायचं? अपघातग्रस्त गाडीतून धूर किंवा ज्वाळा येत नसतील, तर आधी चावी फिरवून इंजिन बंद करा. जवळ विडी-काडी पेटवू देऊ नका. 108 ला फोन करा. कोणी भाजलं असेल, तर त्या भागावर वीस मिनिटं साधं, स्वच्छ, वाहतं पाणी सोडा. मिठाचं पाणी हा रुग्णालयातला उपचार होता, तो घरी करू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काहीही लावू नका. आणि बरा होऊन तो माणूस गावात परतला, की त्याच्याकडे टक लावून पाहू नका, नजरही चुकवू नका. नेहमीसारखी हाक मारा.