बर्फावर वाट काढणारा गॅरेजवाला

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातल्या कुटुंबांचा काश्मीर-मनालीकडचा ओढा फारच वाढला आहे. परतल्यावर फोटो दाखवले जातात आणि त्यांत एक फोटो हटकून असतो. अंगात भाड्याचा जाडजूड कोट, पायांत गमबूट, खाली पिवळी किंवा लाल बर्फावरची स्कूटर, आणि मागे बसलेल्या वहिनींनी घट्ट मिटलेले डोळे. गुलमर्गला आणि सोलंगच्या खोऱ्यात तिला सगळे स्नो स्कूटरच म्हणतात. तिचे खरे नाव स्नोमोबाइल. आमच्या घरीही असा फोटो आहे. तो पाहताना आमच्या चिरंजिवांनी विचारले की हे यंत्र पहिल्यांदा कोणी केले. आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे शोध घेतला तेव्हा जो माणूस सापडला, त्याची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून द्यावी असे वाटले.

त्याचे नाव जोसेफ-आर्मां बोंबार्दिए. आपल्याकडे हे आडनाव बॉम्बार्डियर असे वाचतात, आणि गुजरातेत राहणाऱ्याने ते कुठेतरी ऐकलेलेही असते. ते कसे, हे शेवटी येईलच.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे एक लहान गाव आहे. बोलणे फ्रेंच, धंदा शेतीचा, आणि हिवाळा असा की महिनोन् महिने रस्ते बर्फाखाली गाडलेले. सुरतेत आपण हिवाळा म्हणजे उत्तरायणाच्या सकाळी स्वेटर घालून गच्चीवर जायचे आणि दुपारी उंधियूची वाट पाहायची, एवढाच जाणतो. तिथे बर्फ पडला की मोटारी शेडमध्ये जात आणि घोड्यांच्या घसरगाड्या बाहेर निघत. अशा गावी १६ एप्रिल १९०७ रोजी आर्मांचा जन्म झाला. आठ भावंडांत तो थोरला.

लहानपणापासून त्याचे हात यंत्रात. घड्याळाच्या चक्रांवर चालणारी खेळणी तो स्वतः बनवी. पोराचा हा नाद पाहून वडिलांनी जुन्या फोर्ड मोटारीचे एक इंजिन त्याला आणून दिले. खेळत बसेल अशी त्यांची कल्पना असावी. १९२२ सालच्या शेवटच्या दिवशी या पंधरा वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या धाकट्या भावाने, लेओपोल्दने, ते इंजिन घसरगाडीवर बसवून मागे विमानासारखा पंखा लावला आणि गाडी गावाच्या रस्त्यावर काढली. पंखा उघडाच! गाडी गर्जना करत गावातून गेली खरी, पण वडिलांनी ती पाहताच खोलून टाकायला लावली. आम्हीही बाप आहोत. त्यांच्या जागी असतो तर आम्हीही तेच केले असते.

घरच्यांच्या मनात त्याला पाद्री करायचे होते, म्हणून शेरब्रुक शहरातल्या धर्मशाळेत शिकायला ठेवले होते. त्याचे मन तिथे रमेना. १९२४ मध्ये तो बाहेर पडला, गॅरेजात हाताखाली काम केले, मॉन्ट्रियलला जाऊन दिवसा नोकरी आणि रात्री यांत्रिकीचे वर्ग असे दिवस काढले. इंग्रजी येत नव्हते, ते टपालाने शिकला. एकोणिसाव्या वर्षी, १९२६ मध्ये, वडिलांच्या मदतीने गावात स्वतःचे गॅरेज उघडले. १९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेक या मुलीशी लग्न झाले. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी कधीच नव्हती. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्याला हे लिहिताना थोडे बरे वाटते, हे कबूल करतो.

उन्हाळ्यात गॅरेज जोरात चाले. हिवाळ्यात मोटारीच बंद, तर दुरुस्ती कसली? त्या रिकाम्या महिन्यांत तो बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करी. एक वर्ष पंखा, दुसऱ्या वर्षी साखळी, तिसऱ्या वर्षी आणखी काही. नापास झालेल्या गाड्या तोडून त्यांचे सुटे भाग पुढच्या गाडीला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये कार्ल एलियासन यानेही १९२४ मध्ये घसरपाटीला मोटार बसवली होती, तेव्हा या वाटेवर बोंबार्दिए एकटा होता असे नाही. पण त्याला एकट्यादुकट्यासाठी नव्हे, तर कुटुंब, डॉक्टर, टपाल नेणारी बंद गाडी करायची होती.

मग १९३४ चा हिवाळा आला. त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉ पोटदुखीने तळमळू लागला. आंत्रपुच्छाचा विकार, आणि तो पोटात पसरलेला. शस्त्रक्रिया हवी होती. रुग्णालय शेरब्रुकला, सुमारे ५० किलोमीटरवर. मधला सगळा रस्ता बर्फाने बंद. ज्या माणसाने वर्षानुवर्षे बर्फावर चालणाऱ्या गाडीसाठी रात्री जागवल्या, त्याच्या गॅरेजात त्या दिवशी निघू शकेल अशी एकही गाडी तयार नव्हती. मूल गेले.

रस्ता बंद होणे म्हणजे काय, हे सुरतकरांना समजावून सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा रांदेर-अडाजणपासून पार आतल्या गल्ल्यांपर्यंत आपण गच्च्यांवर अडकून होतो. दवाखाना दोन किलोमीटरवर असून सातासमुद्रापलीकडे गेलेला. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असलेल्यांनी ते दिवस कसे काढले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. पाणी तीन-चार दिवसांत उतरले. वालकूरचे बर्फ दरवर्षी येई आणि महिनोन् महिने राही.

बोंबार्दिए दुःख बोलून दाखवणाऱ्यांपैकी नव्हता. तो पुन्हा गॅरेजात गेला. पुढच्या दीड-दोन वर्षांत अडलेला मुद्दा सुटला. मुद्दा असा, की बर्फ भुसभुशीत असते आणि चाक त्यात रुतते. पावसाळ्यात शेतात बैलगाडी रुतते, पण तिच्याहून कितीतरी जड पोकलेन आरामात निघून जाते, कारण तिचे वजन रुंद पट्ट्यावर पसरलेले असते. पट्टा हवा हे इतरांनाही कळले होते. अडचण अशी की लोखंडी पट्टा जड होई आणि त्यात बर्फ गोठून बसे. बोंबार्दिएने दोन रबरी पट्टे घेतले, त्यांना आडव्या पोलादी पट्ट्या जोडल्या आणि ते फिरवायला दातेरी चाक केले तेही रबराने मढवलेले. पट्टा हलका झाला आणि बर्फ चिकटेनासे झाले. गाडीच्या पुढे वळण्यासाठी चाकांच्या जागी लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की. १९३७ मध्ये त्याला या रचनेचे पेटंट मिळाले. सात माणसे बसणारी बी-७ ही त्याची गाडी गिऱ्हाइकांना आवडली. डॉक्टर घेऊ लागले, पाद्री घेऊ लागले, टपालखाते आणि हॉटेलवाले घेऊ लागले. पुढे बारा माणसांची बी-१२ आली. जहाजासारख्या गोल खिडक्यांच्या या गाड्यांनी रुग्णही नेले आणि शाळेची मुलेही नेली. १९४२ मध्ये गॅरेजची रीतसर कंपनी झाली, आणि महायुद्धात सैन्यासाठीही पट्ट्याच्या गाड्या बनल्या.

१९४८ मध्ये मात्र धक्का बसला, आणि तो आमच्या जातभाईंकडून, म्हणजे सरकारकडून. क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचे बर्फ हिवाळ्यातही हटवायचे ठरवले. रस्ते खुले झाले, लोकांच्या साध्या मोटारी बारा महिने चालू लागल्या आणि बर्फावरच्या मोठ्या गाड्यांची विक्री झपाट्याने घसरली. आम्ही सरकारी नोकर, तेव्हा रस्ता खुला करणाऱ्या खात्याची बाजू आम्हाला घ्यावीच लागते. शेवटी त्या रस्त्यांवरून आजारी मुले रुग्णालयात वेळेवर पोचू लागली असतील, आणि बोंबार्दिएला हवे होते तेही तेच. पण कारखाना चालवायचा होता. रस्ते नाहीत आणि होणारही नाहीत अशा जागांकडे तो वळला. जंगलातल्या ओंडक्यांसाठी, दलदलीसाठी, तेल शोधणाऱ्यांसाठी त्याने १९५३ मध्ये मस्केग नावाचा पट्ट्याचा ट्रॅक्टर काढला. तो जगभर गेला.

एकट्या माणसाची छोटी हलकी गाडी हे त्याचे पोरवयातले स्वप्न. ते इतकी वर्षे बाजूला पडले होते, कारण तेवढे हलके इंजिनच मिळत नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते मिळू लागले. त्याचा मुलगा जेर्मेंने एकसंध रबरी पट्टा तयार केला होता, तोही कामी आला. १९५९ मध्ये नमुन्याची गाडी ओंटारियोच्या उत्तरेला, जिथे कुत्र्यांच्या घसरगाडीशिवाय प्रवास नव्हता, तिथे एका मिशनरी मित्राकडे पाठवून पारखून घेतली. कुत्र्यांची जागा घेणारी म्हणून नाव ठरले स्की-डॉग. छपाईत की रंगवताना चूक होऊन शेवटचे अक्षर बदलले आणि नाव झाले स्की-डू, असे सांगतात. पहिल्या वर्षी २२५ गाड्या विकल्या. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास.

त्याने ती गाडी फासेपारध्यांसाठी, मिशनऱ्यांसाठी, सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी केली होती. विकत घेऊ लागले भलतेच लोक. शेतकरी, दुकानदार, कारकून. रविवारी सगळे कुटुंब बर्फावर! ज्या हिवाळ्यात माणसे घरात कोंडून बसत, त्यात क्लब निघाले, वाटा आखल्या गेल्या, शर्यती सुरू झाल्या. अमेरिकेत मिनेसोटातल्या पोलारिसने थोडे आधीपासून याच प्रकारच्या गाड्या काढल्या होत्या, पण खेळ म्हणून लोकांच्या तोंडी नाव बसले ते स्की-डूचे. बोंबार्दिए स्वतः या लाटेकडे जरा साशंकतेने पाही. सगळा कारखाना एकाच मालावर उभा केला की काय होते, ते त्याने १९४८ मध्ये भोगले होते.

आता आपल्यापैकी जे येत्या हिवाळ्यात पहिल्यांदाच तिच्यावर बसणार आहेत, त्यांच्यासाठी थोडे. गाडीला गिअर नसतात, आपल्या स्कूटरसारखीच पट्ट्यावर चालते. उजव्या अंगठ्याखाली वेग असतो, मूठ पिळायची नसते. ब्रेक बहुधा डाव्या हाताला. एक दोरी मनगटाला किंवा कोटाला अडकवायची असते. माणूस खाली पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होते. भाड्याने देणारा कंटाळा करेल, तुम्ही करू नका. सुरतेच्या रहदारीत वाढलेल्या आपल्या सगळ्यांची एक सवय तिथे घातक ठरते. गाडी कलली की आपण पाय खाली टेकतो. इथे पाय टेकला तर तो मुरगळतो किंवा पट्ट्याखाली जातो. पाय आतच ठेवायचे आणि वळणाच्या बाजूला अंग झुकवायचे. ओढणी, मफलर, पदर सगळे कोटाच्या आत. चालू गाडीच्या मागे फोटोसाठी उभे राहायचे नाही, पट्टा दगड-बर्फ मागे भिरकावतो. हेल्मेट मागून घ्यायचे. आणि स्थानिक माणसाने मळलेली वाट सोडून कोऱ्या उतारावर जायचे नाही, कारण तो उतार घसरून हिमलोट होईल की नाही ते आपल्याला पाहून कळत नाही. पहिल्या दिवशी मागे बसावे, सपाट जागी फेरी मारावी, मग हँडल हाती घ्यावे. आम्ही उलट क्रमाने केले आणि एका बर्फाच्या ढिगात जाऊन बसलो. लागले नाही, पण घरात तो प्रसंग अजून सांगितला जातो.

या खेळाची खरी भरभराट बोंबार्दिएला पाहायला मिळाली नाही. कर्करोगाने १८ फेब्रुवारी १९६४ रोजी शेरब्रुक येथे तो वारला, वय अवघे ५६. चाळीसच्या वर पेटंटे त्याच्या नावावर होती. तीस वर्षांपूर्वी ज्या शहराच्या रुग्णालयापर्यंत मुलाला नेता आले नव्हते, तेच हे शहर.

मागे कंपनी आधी जेर्मेंने, मग जावयाने चालवली. पुढे तेलाचे भाव कडाडले, हौसेच्या गाड्यांची मागणी आटली, आणि कंपनीने आगगाडीचे डबे बनवायला घेतले. १९७४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मेट्रोचे काम मिळाले. ते करत करत ती आपल्या दारापर्यंत आली. बडोद्याजवळ सावलीला तिने कारखाना घातला आणि दिल्ली मेट्रोचे डबे तिथे तयार होऊ लागले. गॅरेजवाल्याचे आडनाव गुजरातेत ऐकू आले ते असे. रेल्वेचा हा धंदा २०२१ मध्ये अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीकडे गेला आणि सावलीच्या फाटकावरचे नाव बदलले. स्की-डू आता वेगळ्या कंपनीकडे आहे. वालकूरला त्याच्या नावाने संग्रहालय आहे, आणि १९२६ सालचे ते गॅरेज तिथे जपून ठेवले आहे.