एव्हरेस्ट सगळ्यांना माहीत आहे, पण लॅम्बटन कोण?
शिखराला नाव मिळालं जॉर्ज एव्हरेस्टचं. पण ज्या मोजणीतून त्याची उंची कळली, ती सुरू केली विल्यम लॅम्बटन यांनी. १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळीने पहिली रेषा मोजून ते त्रिकोणाला त्रिकोण जोडत निघाले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि कोन मोजायचं अर्ध्या टनाचं यंत्र आदळलं. सहा आठवडे खपून लॅम्बटन यांनी ते स्वतः दुरुस्त केलं. १८१५ पर्यंत मोजणी लातूरशेजारच्या बीदरला पोहोचली. २० जानेवारी १८२३ ला, नागपूरच्या वाटेवर, हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. मुंबई-ठाणे रेल्वे धावायला अजून ३० वर्षं होती. पुढे देशाचे नकाशे याच त्रिकोणांवर उभे राहिले. त्यांची कबर मात्र हिंगणघाटातच राहिली.