१९३८ साली ‘ब्रह्मचारी’ काढून महाराष्ट्राला हसवणारा मास्टर विनायक वयाच्या ४१ व्या वर्षीच गेला

मराठी पिक्चरमध्ये हिरोईन पहिल्यांदा स्विमसूटमध्ये कधी दिसली, असं कुणी विचारलं तर बहुतेक जण सत्तर-ऐंशीच्या दशकातलं एखादं नाव घेतील. साल होतं १९३८. हिरोईन होती मीनाक्षी शिरोडकर, म्हणजे नम्रता आणि शिल्पा शिरोडकरची आजी. पिक्चर होता ‘ब्रह्मचारी’. नऊवारीतल्या बायका आणि धोतर-टोपीतले बाप्ये थिएटरात बसलेले असताना पडद्यावर एक तरुणी पोहण्याच्या कपड्यांत, पाण्यात खेळत गाणं म्हणत होती. भरपूर आरडाओरडा झाला आणि थिएटरंही भरून वाहिली.

तो स्विमसूट आजही सगळ्यांच्या लक्षात आहे. तो ज्याच्या डोक्यातून पडद्यावर आला त्या मास्टर विनायकला मात्र लोक विसरले. आज त्याची ओळख फार तर ‘अभिनेत्री नंदाचे वडील’ एवढीच उरली आहे.

विनायक दामोदर कर्नाटकी हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १९ जानेवारी १९०६ चा, कोल्हापूरचा. ज्या घरात जन्मला तिथं पुढं सिनेमाशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. बाबूराव पेंढारकर, भालजी पेंढारकर आणि व्ही. शांताराम ही सगळी नात्यातली माणसं. भाऊ वासुदेव कर्नाटकी कॅमेरामन. अशा गोतावळ्यातला पोरगा कचेरीत कारकुनी करायला जाणं अवघडच होतं.

त्याच्या नशिबानं तो पडद्यावर आला ते सिनेमाला नुकता आवाज फुटत असताना. १९३२ ला प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ काढला, मराठीतला पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती आणि नारद झाला होता विनायक. कळ लावणारा, गोड बोलणारा नारद! पुढं त्यानं आयुष्यभर जे केलं त्याची ही रंगीत तालीमच म्हणा ना.

आवाज आल्यावर विनोदाचं काय झालं, हे इथं समजून घ्यायला हवं. मूकपटातला विनोद म्हणजे पडणं, धडपडणं, पळापळी. हातवाऱ्यांचा कारभार. आवाज आला आणि शब्दाची फिरकी, बोलण्यातला तिरकेपणा, गाण्यातली थट्टा हे सगळं पडद्यावर शक्य झालं. जगभर हेच चाललं होतं. जर्मनीत १९३० साली एका पेट्रोल पंपावरच्या तीन मित्रांची गाण्यांनी भरलेली कॉमेडी आली. लिलियन हार्वे, विली फ्रिच आणि हाइन्झ र्‍यूमान तिच्यात होते. डबिंगची सोय धड नसल्यानं जर्मन कंपनीनं तोच पिक्चर फ्रेंचमध्ये वेगळा शूट केला. हिरो फ्रेंच घेतला, हिरोईन लिलियन हार्वेच ठेवली.

आपल्याकडं कोल्हापुरातही हाच उद्योग चालायचा. एकच सीन आधी मराठीत, मग हिंदीत. ‘ब्रह्मचारी’सुद्धा असाच दोन्ही भाषांत बनला.

पण तिथवर जायला विनायकला मधली काही वर्षं लागली. १९३३ ला प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. मागं राहिलेल्या मंडळींना कोल्हापूर दरबाराच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या कोल्हापूर सिनेटोननं आसरा दिला. तिथं १९३५ ला विनायकनं ‘विलासी ईश्वर’ हा पिक्चर डायरेक्ट केला. नूतन आणि तनुजा यांची आई शोभना समर्थ याच पिक्चरमधून पडद्यावर आली. वर्षभरानं विनायक, बाबूराव पेंढारकर आणि कॅमेरामन पांडुरंग नाईक यांनी मिळून स्वतःची कंपनी काढली, हंस पिक्चर्स.

तेव्हाच्या बोलपटांत राजे, ऋषी, देव आणि राक्षस यांची गर्दी असायची. हंसनं ठरवलं की आपल्या गोष्टी आजच्या माणसांच्या असतील. त्यासाठी त्यांनी सिनेमातले मुनशी शोधले नाहीत, थेट साहित्यिकांची दारं ठोठावली. शिरोड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या वि. स. खांडेकरांकडून ‘छाया’ लिहून घेतला, तो १९३६ ला आला. पुढं ‘ययाति’साठी ज्ञानपीठ मिळालं तेच हे खांडेकर. आणि हसवायचं काम दिलं पुण्याच्या प्रल्हाद केशव अत्र्यांना. अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ नाटकात व्यायामाच्या वेडाची रेवडी उडवली होतीच. ‘धर्मवीर’, ‘प्रेमवीर’ झाले आणि मग आला ‘ब्रह्मचारी’.

गोष्ट अशी. औदुंबर नावाचा एक साधा तरुण. खोलीत सिनेनट्यांचे फोटो, डोक्यात लग्नाचे विचार. एक दिवस तो देशभक्त जटाशंकरांचं भाषण ऐकतो. देशासाठी ब्रह्मचर्य, बलोपासना वगैरे. झालं! फोटो फेकले, लग्न मोडीत काढलं आणि गडी व्यायामाला लागला, आश्रमासारख्या एका संस्थेत भरती झाला. तिथं त्याला किशोरी भेटते, म्हणजे मीनाक्षी. पुढं काय होणार ते जटाशंकर सोडून सगळ्यांना कळतं.

औदुंबर झाला होता खुद्द विनायक. दिसायला गोरागोमटा, देखणा. असा माणूस तेव्हा हिरो म्हणून फक्त प्रेमगीतं म्हणायचा, पण यानं स्वतःला येडपट दाखवलं. सोबतीला तिरळ्या डोळ्यांचे दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग. दामुअण्णा नुसते पडद्यावर आले तरी लोक हसायला सुरुवात करायचे. मीनाक्षी रेडिओवर गाणारी, घरंदाज आणि लग्न झालेली बाई. तिनं स्विमसूट घालायला होकार दिला, तिच्या या धाडसाचं कौतुक कमीच झालंय असं आम्हाला वाटतं. संगीत दादा चांदेकरांचं.

आज हे सगळं गमतीचं वाटतं. पण १९३८ साली ब्रह्मचर्य हा काही चेष्टेचा विषय नव्हता. आखाडे, शाखा, आश्रम, भाषणं, सगळीकडं तरुणांना हाच उपदेश चाललेला. मोठमोठे पुढारी त्यावर गंभीरपणे लिहीत होते. अशा वेळी त्या ढोंगाकडं बोट दाखवून सगळ्या थिएटरला हसवायचं, तेही उपदेश न करता, हे धाडसाचं काम होतं.

पुढच्याच वर्षी त्यानं परत तेच केलं. १९३९ च्या ऑगस्टपासून मुंबईत काँग्रेस सरकारनं दारूबंदी आणली आणि त्याच वर्षी विनायक-अत्रे जोडीचा ‘ब्रँडीची बाटली’ आला. दामुअण्णा यात बगाराम नावाचे भोळेभाबडे कारकून. ब्रँडी म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, तो माणूस औषधासाठी ब्रँडीची बाटली शोधत गावभर फिरतो.

मग १९४० ला चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आले ते ‘लग्न पहावे करून’ मधून. दामुअण्णा चिमणराव, जोग गुंड्याभाऊ. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना या जोडीत पाहिलेली पिढी अजून आहे. पण मूळ जोडी पडद्यावर उभी केली विनायकनं, त्याच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी.

पिक्चर चालत होते, कंपन्या मात्र टिकत नव्हत्या. हंस गेली, नवयुग आली. नवयुगमधूनही तो बाहेर पडला आणि स्वतःची प्रफुल्ल पिक्चर्स काढली. प्रत्येक वेळी नवा बोर्ड आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव. विनोद करणाऱ्या माणसाला हिशेब जमत नाहीत असं म्हणतात, ते इथं बहुतेक खरं असावं.

याच धावपळीत त्यानं एक गोष्ट केली, जिच्यामुळं नुसत्या मराठी सिनेमाचंच नाही तर देशाच्या गाण्याचं भलं झालं. २४ एप्रिल १९४२ ला मास्टर दीनानाथ मंगेशकर पुण्यात वारले. मागं बायको आणि पाच मुलं. थोरली लता १२ वर्षांची. मंगेशकरांशी घरोबा असलेल्या विनायकनं या कुटुंबाला हात दिला. नवयुगच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये लताला छोटी भूमिका मिळाली आणि पुढं प्रफुल्लमध्ये कायमचं काम. आशाचं पहिलं सिनेगीत १९४३ च्या ‘माझं बाळ’मधलं, तोही प्रफुल्लचाच पिक्चर. १९४५ ला कंपनी मुंबईला हलली तशी लताही मुंबईत आली. त्याच वर्षीच्या ‘बडी माँ’मध्ये हिरोईन होती नूरजहाँ, आणि लता-आशा छोट्या भूमिकांत. त्या सेटवर नूरजहाँनं लताचं गाणं ऐकलं.

मुंबईत हिंदीची स्पर्धा मोठी होती आणि विनायकची तब्येत साथ देत नव्हती. ‘सुभद्रा’, ‘जीवनयात्रा’ झाले. मग ‘मंदिर’ सुरू झाला. यात एका लहान मुलाची भूमिका होती. ती त्यानं आपल्याच मुलीला दिली. पोरीचे केस मुलासारखे बारीक कापले आणि कॅमेऱ्यासमोर उभं केलं. तीच बेबी नंदा.

‘मंदिर’ पूर्ण झाला नाही. १९ ऑगस्ट १९४७ ला मास्टर विनायक गेला. स्वातंत्र्याला जेमतेम चार दिवस झाले होते. मुंबईत पताका अजून उतरल्या नसतील, आणि इकडं परभणीसह सगळा मराठवाडा निजामाच्याच ताब्यात होता.

अर्धवट पिक्चर दिनकर पाटलांनी पुरा केला आणि १९४८ ला तो पडद्यावर आला. लताला पुन्हा नवा आसरा शोधावा लागला, तो पुढं मास्टर गुलाम हैदर यांच्याकडं मिळाला. आणि कर्नाटकींच्या घरात पैशाची चणचण सुरू झाली. वडील गेले तेव्हा नंदा ८ वर्षांची होती. शाळेच्या वयात तिच्या वाट्याला स्टुडिओ आला. सतरा वर्षांची झाल्यावर व्ही. शांतारामांनी तिला ‘तूफान और दिया’मध्ये मोठी भूमिका दिली आणि मग ‘जब जब फूल खिले’पर्यंत आणि त्याच्याही पुढं ती काम करत राहिली. २०१४ च्या मार्चमध्ये ती वारली.