बाबासाहेब आंबेडकर यांचे आजारपण व उपचार

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल, १८९१ – ६ डिसेंबर, १९५६) हे भारतीय कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक आणि भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. आयुष्याच्या अखेरच्या दशकात ते मधुमेहाने आजारी होते. संविधानाची निर्मिती, हिंदू कोड बिल, बौद्ध धम्माचा स्वीकार आणि ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाचे लेखन ही त्यांची महत्त्वाची कार्ये याच काळात, इन्सुलिन व आहारनियमनाच्या आधाराने पार पडली.

सुरुवातीचे जीवन

आंबेडकरांचा जन्म महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यानंतर कुटुंब काही काळ दापोलीत व पुढे साताऱ्यात राहिले. साताऱ्यातच १८९६ मध्ये आई भीमाबाई यांचे निधन झाले. ७ नोव्हेंबर, १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळेत (आजचे प्रतापसिंह हायस्कूल) दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो.

त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुकेही मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९०१ च्या सुमारास रामजी गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर असताना मुले त्यांना भेटण्यासाठी रेल्वेने मसूर स्थानकापर्यंत गेली. त्यांची जात कळल्यावर गाडीवान मिळेना, मिळाला तेव्हा भाडे दुप्पट द्यावे लागले आणि वाटेत कोणी पाणी दिले नाही. आंबेडकरांनी हा प्रसंग आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे. १९०४ मध्ये कुटुंब मुंबईस गेले. पुढील उच्च शिक्षण त्यांनी न्यू यॉर्क व लंडन येथे घेतले.

आजाराचे स्वरूप

२७ मे, १९३५ रोजी पत्नी रमाबाई यांचे निधन झाले. त्यानंतर आंबेडकरांनी पुनर्विवाह न करण्याचे ठरवले होते. रात्री उशिरापर्यंत वाचन व लेखन हा त्यांचा नित्यक्रम होता. १९४७ च्या सुमारास, कायदामंत्री व मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून कामाचा भार वाढला असतानाच त्यांची प्रकृती ढासळली. पायांत तीव्र वेदना होत व त्यांमुळे झोप लागत नसे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिल्यास हातापायांच्या मज्जातंतूंना इजा होते. या वेदना बहुधा पायांपासून सुरू होतात व रात्री अधिक जाणवतात. मधुमेहात डोळ्यांच्या पडद्यालाही बाधा पोहोचते. पुढील वर्षांत आंबेडकरांची दृष्टी मंदावली आणि चालताना काठीचा किंवा कोणाच्या तरी खांद्याचा आधार घ्यावा लागू लागला.

तत्कालीन उपचार

इन्सुलिनचा शोध टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयोगांतून १९२१ मध्ये लागला. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका १४ वर्षांच्या रुग्णाला टोचण्यात आले. १९४० च्या दशकात मधुमेहावर हेच एकमेव प्रभावी औषध होते. ते गाईबैलांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. काचेची पिचकारी व सुया उकळून घेणे, औषध थंड जागी ठेवणे आणि स्पिरिटच्या दिव्यावर लघवी तापवून साखर तपासणे ही कामे घरीच करावी लागत. टोचणीनंतर जेवणास उशीर झाल्यास रक्तातील साखर एकदम उतरून घाम, थरथर व प्रसंगी बेशुद्धी येण्याचा धोका असे. त्यामुळे औषधाइतकेच वेळापत्रकाला महत्त्व होते आणि त्यासाठी जाणकार व्यक्ती रुग्णाजवळ असणे गरजेचे होते.

आंबेडकरांवर मुंबईतील डॉ. माधव मालवणकर उपचार करत. त्यांच्या दवाखान्यात डॉ. शारदा कबीर (१९०९–२००३) काम करत होत्या. त्यांनी १९३७ मध्ये मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. पदवी मिळवली होती. आंबेडकरांशी त्यांची पहिली भेट विलेपार्ले येथे डॉ. राव यांच्या घरी झाली.

दुसरा विवाह

घरी सतत देखभाल करणारे कोणीतरी असावे, असा डॉक्टरांचा सल्ला होता. परिचारिका ठेवल्यास लोकापवाद उठेल, असे आंबेडकरांना वाटत होते. मार्च १९४८ मध्ये सहकारी दादासाहेब गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे कारण देऊन विवाहाचा निर्णय कळवला. १५ एप्रिल, १९४८ रोजी दिल्लीतील निवासस्थानी आंबेडकर व डॉ. शारदा कबीर यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला. विवाहानंतर त्या सविता आंबेडकर या नावाने व पुढे ‘माईसाहेब’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. पतीचे इन्सुलिन, पथ्य व विश्रांती यांची जबाबदारी त्यांनी घेतली.

आजारपणातील कार्य

४ नोव्हेंबर, १९४८ रोजी आंबेडकरांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. त्यानंतर वर्षभर त्यांनी कलमवार चर्चेला उत्तरे दिली व २६ नोव्हेंबर, १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. ऑगस्ट १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरू यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ढासळत्या प्रकृतीचा व डॉक्टरांनी सुचवलेल्या उपचारांचा उल्लेख केला आणि त्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लावण्याची विनंती केली. विधेयक रखडल्यामुळे सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाचे लेखन सुमारे पाच वर्षे चालले. १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत, प्रकृती अनेकदा गंभीर झाली असतानाही आपण वाचलो याचे श्रेय आंबेडकरांनी पत्नीला व डॉ. मालवणकर यांना दिले. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत मात्र ही प्रस्तावना छापली गेली नाही.

अखेरचे दिवस

१४ ऑक्टोबर, १९५६ रोजी आंबेडकरांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. नोव्हेंबरमध्ये काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेस ते उपस्थित राहिले. ५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम केले. ६ डिसेंबर रोजी दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. ७ डिसेंबर रोजी मुंबईत दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले.

त्याच सुमारास मधुमेहावरील औषधांत मोठा बदल होत होता. स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन स्रवण्यास उद्युक्त करणारी टॉलब्युटामाइड ही गोळी जर्मनीत १९५६ मध्ये बाजारात आली, तर फ्रान्समध्ये १९५७ मध्ये मेटफॉर्मिनच्या मधुमेहावरील वापराची माहिती प्रसिद्ध झाली.

मृत्यूविषयीचा वाद

निधनानंतर काही अनुयायांनी माईसाहेबांवर संशय घेतला व चौकशीची मागणी झाली. केंद्र सरकारच्या चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही आरोप थांबले नाहीत आणि माईसाहेब अनेक वर्षे चळवळीपासून दूर राहिल्या. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या आत्मकथनात त्यांनी आंबेडकरांच्या आजाराची व उपचारांची हकीकत स्वतः मांडली. २९ मे, २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.