चार्लस बॅबेज

चार्लस बॅबेज याचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजीं लंडन येथें झाला. त्या काळीं नौकानयनास लागणारीं गणिताचीं कोष्टकें माणसें हातानें करीत, व त्यांत चुका फार राहत. एका चुकीच्या आंकड्यापायीं जहाज खडकावर जाईल, ही भीति कांहीं खोटी नव्हती. हें काम यंत्राकडून करून घ्यावें असें बॅबेजच्या मनानें घेतलें. १८२२ सालीं त्यानें लहानसा नमुना करून दाखविला व पुढें सरकारनें द्रव्यसाहाय्य दिलें. परंतु कारागीर क्लेमेंट याच्याशीं बेबनाव होऊन १८३३ सालीं काम थांबलें. सुमारें १७,००० पौंड खर्चूनहि यंत्र अपुरेंच राहिलें, आणि १८४२ सालीं सरकारनें हात आखडला. बॅबेजचा स्वभाव तापट होता, हेंहि सांगितलें पाहिजे.

त्याची खरी थोरवी मात्र १८३४ पासून योजिलेल्या दुसऱ्या यंत्रांत, म्हणजे ॲनॅलिटिकल एंजिनांत, आहे. त्याच्या दोन भागांस त्यानें कोठार व गिरणी अशीं नांवें दिलीं. कोठारांत दांतेरी चक्रांचे उभे स्तंभ; प्रत्येक स्तंभावर एक संख्या, व प्रत्येकास स्वतःचा क्रमांक. मुलांनो, येथें नीट लक्ष द्या. आज्ञा देणाऱ्यास संख्या ठाऊक असण्याचें कारण नाहीं. ती कोठें आहे एवढें कळलें म्हणजे पुरे. भोंकें पाडलेल्या एका पत्त्यावर गुणाकाराची आज्ञा, दुसऱ्या पत्त्यांवर चौथ्या व सातव्या स्तंभांचे क्रमांक, आणि उत्तर ठेवावयाच्या स्तंभाचाहि क्रमांक. चौथ्या स्तंभावर आज १२ असोत वा उद्यां ५,००० असोत, पत्ते तेच. वाचनालयाच्या शिपायास कपाटाचा व खणाचा क्रमांक सांगितला कीं तो पुस्तक काढून आणतो; त्याला तें वाचतां आलेंच पाहिजे असें नाहीं. आपल्या भाषेंत पत्ता हा शब्द खेळांतल्या पानासहि चालतो व ठिकाणासहि, हा योगायोग मौजेचा खराच! भोंकांच्या पत्त्यांची युक्ति फ्रान्समधील जाकारच्या मागावरून घेतलेली होती.

१८४३ सालीं लेडी एडा लव्हलेस हिनें या यंत्रावरील मेनाब्रेआच्या फ्रेंच निबंधाचें भाषांतर करून विस्तृत टिपा जोडल्या. स्तंभाच्या चिन्हाशेजारीं आणखी एक आंकडा लिहून त्यावरील संख्या कितव्यांदा बदलली, हें तिनें दाखविलें. जागा तीच, आंतला ऐवज निराळा. आजच्या संगणकाच्या स्मृतींतील प्रत्येक खणास असाच क्रमांक असतो; चक्रांच्या जागीं वीज आली इतकेंच.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजीं बॅबेज वारला तेव्हां यंत्र बहुतेक कागदावरच होतें. हिंदुस्थानांत लष्करी नोकरी केलेला त्याचा मुलगा हेन्री यानें १९१० सालीं गिरणीचा भाग तयार केला. कोठार मात्र त्यांत नव्हतें.