‘पोटेन्शियल’ला नाव देणारा गिरणीवाला : जॉर्ज ग्रीन

शाळेत ‘विभवांतर’ हा शब्द आपण सगळ्यांनीच पाठ केलाय. घड्याळाच्या सेलवर दीड व्होल्ट लिहिलेलं असतं ना, ते हेच. यातल्या विभवाला इंग्रजीत पोटेन्शियल म्हणतात. गणितात हे नाव आणणारा माणूस पिठाची गिरणी चालवायचा, हे माहीत होतं का?

त्याचं नाव जॉर्ज ग्रीन. जन्म १७९३ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. वडिलांची बेकरी होती. आठव्या वर्षी तो शाळेत गेला, पण जेमतेम वर्षभरात शाळा सुटली आणि पोरगा बेकरीच्या कामाला लागला. १८०७ मध्ये वडिलांनी जवळच्या स्नेंटनला वाऱ्यावर चालणारी गिरणी बांधली. पुढची कित्येक वर्षं ग्रीन तिथं दळण दळत होता. गणित मात्र तो स्वतःच शिकला.

१८२८ मध्ये त्यानं वीज आणि चुंबकत्वावर एक निबंध छापला. किंमत साडेसात शिलिंग. आगाऊ नाव नोंदवून तो घेणारे होते फक्त ५१ जण.

काय होतं त्यात? विद्युतभाराच्या आसपास प्रत्येक ठिकाणी बल वेगळं असतं. ते किती आणि कोणत्या दिशेला, दोन्ही सांगावं लागतं. हिशोब भलताच किचकट होतो. त्याऐवजी प्रत्येक बिंदूला एकच आकडा दिला तर? डोंगराच्या नकाशावर प्रत्येक जागेची उंची लिहिली असेल, तर उतार कुठं आणि किती हे आपोआप कळतं. इथंही तसंच. आकडा कुठं किती झपाट्यानं बदलतो, त्यावरून बल निघतं. फ्रेंच गणितज्ञ ही युक्ती आधीपासून वापरत होते. ग्रीननं तिला ‘पोटेन्शियल फंक्शन’ हे नाव दिलं आणि त्यावर आख्खी पद्धत उभी केली.

निबंध वाचून सर एडवर्ड ब्रॉमहेड यांनी मदतीचं पत्र पाठवलं. पण एवढा मोठा माणूस नुसतं सौजन्य म्हणून लिहितोय, असं कुणीतरी ग्रीनच्या मनात भरवलं. उत्तर द्यायला त्यानं दीड वर्षाहून जास्त वेळ लावला!

वडील वारल्यावर ग्रीननं गिरणी भाड्यानं दिली आणि १८३३ मध्ये, वयाच्या चाळिशीत, केंब्रिजला विद्यार्थी म्हणून प्रवेश घेतला. १८३७ च्या गणिताच्या परीक्षेत तो चौथा आला. १८३९ मध्ये कॉलेजचा फेलोही झाला. पण तब्येत ढासळली, तो घरी परतला आणि १८४१ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, गेला. तेव्हा त्याचा तो निबंध जवळपास कुणालाच माहीत नव्हता.

१८४५ मध्ये विल्यम थॉमसन नावाच्या तरुणाला आपल्या शिक्षकाकडे त्याच्या प्रती मिळाल्या. हाच पुढचा लॉर्ड केल्विन. त्यानं तो निबंध पॅरिसच्या गणितज्ञांना दाखवला आणि पुढं जर्मनीतल्या नामांकित नियतकालिकात पुन्हा छापून आणला.

आज ‘ग्रीन फंक्शन’ भूकंपशास्त्रापासून क्वांटम भौतिकीपर्यंत सगळीकडे वापरतात. स्नेंटनची गिरणीही दुरुस्त झाली असून, तिथं पुन्हा पीठ दळलं जातं. ५१ जणांच्या कपाटांत पडलेली ती कल्पना वाचली, कारण एका विद्यार्थ्यानं ती उघडून वाचली.